घसारा आणि गंज

जमाखर्चाच्या वहीत घसारा नावाचे एक खाते असते. मोटारगाडीवर दरसाल १५ टक्के घसारा घटत्या बाकीच्या पद्धतीने धरला, तर १०० रुपयांची गाडी १५ वर्षांनंतर वहीत जेमतेम ९ रुपयांची उरते. हिशेबाची ही एक सोय आहे. ती वस्तूची नाडीपरीक्षा नव्हे. परंतु अलीकडे आपल्या वाहनविषयक धोरणाने वहीतील या वयालाच वस्तूचे आयुष्य मानावयास प्रारंभ केला आहे. त्याचे परिणाम अचलपूर-परतवाड्यासारख्या गावांना मोठ्या शहरांहून निराळे भोगावे लागतील. म्हणून या प्रश्नाचा विचार येथूनच व्हावयास हवा.

निमित्त एका छंदाचे आहे. गंजून पडलेली जुनी छोटी बस विकत घ्यावी, घराच्या अंगणात ती उभी करावी, पत्रा बदलून, इंजीन उतरवून ती पुन्हा चालती करावी आणि आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून कुटुंबासह हिंडावे, असा हा छंद आहे. युरोपात तो फोक्सवॅगनच्या बसभोवती वाढला. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये काढलेल्या एका साध्या रेखाचित्रातून ती बस जन्मली आणि १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. ब्राझीलमध्ये ती २०१३ च्या अखेरपर्यंत तयार होत होती. सुरक्षिततेचे नवे नियम आले तेव्हा कारखाना थांबला. उत्पादन थांबले, पण लोकांनी जपलेल्या बसगाड्या थांबल्या नाहीत.

हे सारे परक्या मुलखातले आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याच काळात जर्मनीतील टेम्पो कंपनीने मॅटॅडोर नावाची गाडी काढली होती आणि तिच्या पहिल्या आवृत्तीत फोक्सवॅगनचेच इंजीन होते. पुढे या टेम्पोचे नाते महाराष्ट्राशी जुळले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने पुण्याजवळ आकुर्डीला मॅटॅडोर तयार केली आणि वऱ्हाडात तर मॅटॅडोर हे एका गाडीचे नाव न राहता वाहनाच्या एका जातीचेच नाव झाले. लग्नाचे वऱ्हाड, संत्र्यांच्या पेट्या, शाळेची मुले, सारे तिने वाहिले. त्या कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलले. गाड्या मात्र अजून कोठे गोठ्यामागे, कोठे भंगारवाल्याच्या आवारात उभ्या दिसतात. फोक्सवॅगनची ही वऱ्हाडातली चुलत बहीणच म्हणावयाची.

अशी गाडी पुन्हा उभी करणे म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय तिचे अर्थशास्त्र कळत नाही. लोखंड, ओल आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. तो वरून रंग मारल्याने थांबत नाही. रंगाखाली तो चालूच राहतो. म्हणून कुजलेला पत्रा आधी कापून काढावा लागतो, त्या मापाचा नवा तुकडा ठोकून घडवावा लागतो, वेल्डिंग करून तो बसवावा लागतो. मग रेडऑक्साइड, लांबी, घासकाम आणि शेवटी रंग. चासीचे पाटे, बुश, ब्रेकचे सिलिंडर यांतील बरेच भाग बाजारात तयार मिळत नाहीत. ते लेथवर घडवून घ्यावे लागतात. आतल्या फळ्या आणि कपाटे सुताराची. मेळघाटच्या सागवानाचा बाजार असलेल्या परतवाड्यात या कामाला माणसे शोधावी लागत नाहीत.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. नव्या गाडीवर खर्च केलेल्या रुपयाचा फार थोडा अंश गावात राहतो. बाकीचा कारखान्याकडे, वित्तसंस्थेकडे आणि विमा कंपनीकडे जातो. दुरुस्तीवर खर्च केलेल्या रुपयाचा मोठा भाग मिस्त्री, वेल्डर, सुतार, रंगारी यांच्या हाती पडतो आणि तेथून किराणा दुकानात व शाळेच्या शुल्कात उतरतो. ज्या अचलपुरात फिनले मिलचे यंत्र २०२० च्या टाळेबंदीत थांबले आणि कामगारांच्या घरातील चूल मंदावली, तेथे हा फरक पुस्तकी नाही.

दुरुस्तीने यंत्राचे आयुष्य किती वाढते याचा दाखलाही आपल्याच दारात आहे. अचलपूर, मूर्तिजापूर आणि यवतमाळ यांना जोडणाऱ्या शकुंतलेचे वाफेचे इंजीन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झाले आणि १९९४ मध्ये डिझेल इंजीन येईपर्यंत सेवेत राहिले. सत्तर वर्षे! कोणत्याही घसाऱ्याच्या कोष्टकात ही सत्तर वर्षे बसत नाहीत. ती बसवली मूर्तिजापूरच्या शेडमधील फिटरांनी.

आता कायद्याकडे वळू. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. खाजगी गाडी १५ वर्षांची झाली म्हणजे ती बेकायदा ठरते, हा समज चुकीचा आहे. तशी वयाची बंदी दिल्ली परिसरासाठी आहे; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि तिच्याविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. आपल्याकडे तपासणीत गाडी योग्य ठरली तर तिची नोंदणी वाढवून मिळते. परंतु त्या नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. गाडी मोडीत दिली तर नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के मोबदला आणि रस्ताकरात सवलत. एका हाताने शुल्क वाढवावयाचे आणि दुसऱ्या हाताने सवलत द्यावयाची; दोन्ही हात गाडीला भंगाराच्या दारातच ढकलतात.

याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, पुराण वाहनांसाठीही नियम झाले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी २०,००० रुपये शुल्क भरून या वर्गात नोंदविता येते. रोजच्या वा व्यापारी कामास ती वापरता येत नाही. जपणुकीला कायद्याने मान दिला, हे चांगलेच झाले. पण १५ आणि ५० यांच्या मध्ये ३५ वर्षे आहेत. त्या काळात गाडीला मिळते ते केवळ वाढते शुल्क. पस्तीस वर्षे जी टिकूच नये अशी व्यवस्था करावयाची आणि टिकली तर तिला वारसा म्हणून गौरवावयाचे, हा न्याय विचित्र होय. जर्मनीत ३० वर्षांच्या जपलेल्या गाडीला १९९७ पासून वेगळा क्रमांक आणि सरसकट ठरावीक कर आहे. आपली ५० वर्षांची अट कोणत्या हिशेबाने आली, हे विचारले पाहिजे.

शिवाय बसचे घर करावयाचे झाले तर आणखी एक अडसर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन कडकपणे वाचले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. घरच्या अंगणात कोणी कसेही वेल्डिंग करून ती गाडी चिखलदऱ्याच्या घाटात चढवावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. ते धोरण केवळ नव्या, महागड्या गाड्यांसाठीच राहावे काय?

जुन्या गाड्या धूर सोडतात, त्यांचे ब्रेक कच्चे असतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण धूर हा वयाचा नव्हे, तर इंजिनाची स्थिती आणि धाव यांचा गुणाकार आहे. वर्षाकाठी दोनतीन सहली करणारी जुनी बस आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी तिशीची मालमोटार यांना एकाच मापाने मोजणे शास्त्रीय नव्हे. नवी गाडी घडविताना पोलाद, वीज आणि कोळसा खर्ची पडतो. तो हिशेबही खरेदीच्या पावतीवर येत नाही. तपासणी कडक असावी, पण ती यंत्राची असावी, जन्मतारखेची नसावी.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, ३० वर्षांवरील जपलेल्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा एक नोंदणीवर्ग असावा. वर्षाची धाव ठरलेली, तपासणी कसोशीची, शुल्क माफक. बसमधील निवासी बदलांसाठी त्याच तपासणीत, कामाला हात लावण्यापूर्वी आराखडा मंजूर करून देण्याची सोय असावी.

दुसरी गोष्ट, राज्य परिवहन महामंडळाच्या निकामी बसगाड्यांपैकी काही थोड्या लिलावातून वगळून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना द्याव्यात. वेल्डर, फिटर आणि मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी सरावाच्या तुकड्यांवर हात बसवितात. त्यांना एक संपूर्ण गाडी मिळावी. त्यातून निघालेली बस रस्त्यावर आली नाही तरी बिघडत नाही. केरळच्या परिवहन महामंडळाने २०२० मध्ये मुन्नारला जुन्या बसमध्ये प्रवाशांच्या निजण्याची स्वस्त सोय केली. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. आपल्या एसटीनेही २०२० मध्ये जुन्या बसगाड्या मालवाहू केल्या. मग चिखलदऱ्याला पावसाळी गर्दीच्या दिवसांत विद्यार्थी आणि शिक्षकांच्या सहलींसाठी अशा चार उभ्या बस का असू नयेत?

तिसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सुटे भागही १८ टक्क्यांवर आले. म्हणजे नवी वस्तू घेणे आणि जुनी सांभाळणे यांना आपण एकाच तराजूत तोलले. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला आणि त्यात वाहनेही घातली. त्या हक्काला कराच्या दरात जागा मिळाली नाही, तर तो कागदावरच राहील.

घसारा हिशेबनीस धरतो, गंज हवा धरते. दोहोंनाही अडविण्याचे सामर्थ्य माणसाच्या हातात असते. हे हात परतवाड्याच्या रस्त्यालगतच्या टपऱ्यांतून आज काम करीत आहेत. त्यांच्याकडे शिकाऊ मुले येणे थांबले, तर पुढच्या पिढीत गाडी जपण्याची परवानगी मिळूनही ती दुरुस्त करणारा मिळणार नाही. भंगाराला निदान किलोमागे भाव आहे. विसरलेल्या कसबाला तोही येत नाही.