कापसाच्या खोलीतलं इंटिरियर

'मला इंटिरियर डिझाइनला जायचंय' असं वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या घरात कुणी म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं : 'ते श्रीमंतांच्या घरचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतं?' घरच्यांचं सोडा, तुम्हालाही मनातून तेच वाटत असतं. मोठ्या शहरांतल्या पोरांनी मॉल पाहिले, हॉटेलं पाहिली. आपण काय पाहिलं?

जरा आठवून बघा. वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली कापसानं भरायची. आजीची खाट ओसरीत यायची, तुमचा अभ्यास सयपाकघराच्या दाराशी. पाहुणा आला की ओसरीचीच बैठक व्हायची. कापूस विकला की खोली पुन्हा मोकळी. आता अनेक घरांत त्या जागी सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी असते, एवढाच फरक. एकच जागा हंगामाप्रमाणे चार कामांना कशी वापरायची, हा डिझाइनच्या वर्गात प्रोजेक्टचा विषय असतो. भिंतीतली देवळी म्हणजे जागा न अडवणारं कपाट. धाब्याच्या घरात मे महिन्यातही दुपारी डोळा लागायचा आणि स्लॅबच्या घरात रात्री बारालाही पंख्याखाली घाम फुटतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पण नुसतं बालपण असून भागत नाही, ते सगळ्यांनाच असतं. त्याकडे परत वळून पाहावं लागतं. बाळकृष्ण दोशींचं उदाहरण घ्या. १९२७ मध्ये पुण्यात जन्म, एकत्र कुटुंब, घरात दोन पिढ्यांचा फर्निचरचा व्यवसाय. लाकूड, सांधे, मापं हे सगळं त्यांच्या आजूबाजूलाच होतं. पुढे मुंबईच्या जे.जे.मध्ये शिक्षण, मग पॅरिसला ल कार्बुझिए यांच्याकडे काम, आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार. वास्तुकलेतला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरजवळ त्यांनी 'अरण्य' ही वसाहत आखली, ८० हजारांहून जास्त लोकांसाठी. गरिबांना तिथं पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, नळ-संडासाची सोय आणि एखादी खोली दिली. पुढचं घर कुटुंबानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसालाच हे सुचावं, असं मला तरी वाटतं.

आता आपल्याकडचा ताजा विषय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण टप्प्यात २०२९ पर्यंत देशभरात आणखी २ कोटी घरं बांधायची आहेत. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. एवढ्यात पोती कुठं ठेवायची, म्हाताऱ्या माणसाची खाट कुठं, मुलीनं अभ्यास कुठं करायचा? योजनेत नमुना नकाशे आहेत, पण भिंती उभ्या राहिल्यावर आतलं घर कसं लावायचं हे सांगायला गावात कुणी नसतं. डिझायनर म्हणजे फॉल्स सीलिंग आणि महागडी लाइट, हीच समजूत त्याच्या मुळाशी आहे. या २७० फुटांत राहिलेला मुलगा किंवा मुलगी या धंद्यात आली, तर ती काही वेगळं करील अशी आशा आहे.

वाट सोपी नाही, पण बंदही नाही. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला तसा परवाना लागत नाही. त्यामुळे सुताराच्या पोरालाही दार उघडं आहे, आणि सहा महिन्यांत 'डिझायनर' बनवणाऱ्या दुकानांनाही. तेव्हा फी भरण्याआधी चौकशी करा. दहावीनंतर आयटीआयचा 'इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंटिरियर डेकोरेशन, अहमदाबादच्या एनआयडीत फर्निचर आणि इंटिरियर. खरी अडचण इंग्रजीची आणि शहरातल्या क्लासच्या फीची. त्यात आपली मुलं पोर्टफोलिओत नेटवरून उतरवलेले सोफे काढतात. तेच सोफे राज्यभरातल्या मुलांनी काढलेले असतात! एनआयडीसारख्या परीक्षेत निरीक्षण तपासलं जातं, आणि तिथं तुमच्या घरची उतरंड जास्त कामाची.

पाहायला लांब जायलाही नको. कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघा. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरच्या पोरींनी आजीच्या हातचं आरशा-कवड्यांचं भरतकाम लहानपणापासून पाहिलंय. त्यातला रंग नि रंगाची जोडणी पडद्यावर, उशीच्या अभ्र्यावर कशी आणायची, हा धंद्याचाच प्रश्न आहे. फक्त त्याचे पैसे ते भरतकाम करणाऱ्या बाईला मिळतात का, हे डिझायनर झाल्यावर विसरू नका.

या सुट्टीत एक टेप आणि रेघांची वही घ्या. आपल्या घराचा नकाशा मापानं काढा. आई सकाळपासून रात्रीपर्यंत चूल किंवा गॅस, पाण्याची टाकी, धान्याची कोठी यांच्यामध्ये किती फेऱ्या मारते आणि किती वेळा वाकते ते मोजा. मग एकच वस्तू हलवून पुन्हा मोजा. पोर्टफोलिओचं पहिलं पान हेच ठेवा.