अपुऱ्या गुणांचा अर्ज

परीक्षांचे निकाल लागले, की धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या लहान गावातही घरोघरी महाविद्यालयांची चर्चा सुरू होते. ज्याला भरघोस गुण मिळालेले असतात, तो पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयाचे नाव मोठ्याने घेतो. ज्याचे गुण बेताचेच असतात, तो तेच नाव मनातल्या मनात गिळून टाकतो. ‘आपल्याला कोण घेणार?’ असे म्हणून तो अर्जच करीत नाही. पुष्कळांना हा विनय वाटतो. पण जो निर्णय दुसऱ्याने द्यावयाचा, तो आपणच आपल्याविरुद्ध देऊन टाकण्यात विनय कसला?

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांचे शालेय शिक्षण तुटक झाले होते. बरेचसे तर त्यांचे पती गोपाळराव यांनी घरीच शिकविले होते. तरीही फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेश मागितला. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांनी आपल्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले. आपल्याला काय येते, हेही सांगितले. आणि वैद्यकीय मदतीवाचून हाल सोसणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, असे कळविले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. परक्या देशातील थंडी आणि आजार सोसून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. ही पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी दाखविलेली वाट बुजली नाही.

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांची गोष्टही अशीच आहे. गणितावाचून इतर विषयांकडे त्यांचे लक्ष नसे. त्यामुळे महाविद्यालयाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. १९१३ साली त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यात त्यांनी लपविले नाही. मात्र सोबत स्वतः शोधलेली गणिते जोडली. १९१४ साली ते केंब्रिजला पोहोचले.

यावर कोणी म्हणेल, की जागा थोड्या आणि इच्छुक फार. तेव्हा गुणांची कसोटी हवीच. रात्री जागून ज्याने गुण मिळविले, त्याच्यावर अन्याय होता कामा नये. हे म्हणणे रास्तच आहे. जेथे केवळ गुणानुक्रमानेच प्रवेश मिळतो, तेथे नियम सर्वांना सारखाच असला पाहिजे. परंतु जेथे मुलाखत, प्रवेशपरीक्षा किंवा प्रत्यक्ष केलेले काम पाहिले जाते, तेथेही मागे राहणे शहाणपणाचे नव्हे. आपण काय केले, हे गुणपत्रिका सांगते. पुढे काय करण्याची तयारी आहे, हे ज्याचे त्यानेच सांगावे लागते.

मात्र अशा अर्जामागे दोन गोष्टी हव्यात: उणीव न झाकण्याचा प्रामाणिकपणा आणि ती भरून काढण्याचे कष्ट. नुसत्या इच्छेने कोणतेही दार उघडत नाही. या दोन गोष्टी असूनही नकार आला, तर दुसरे महाविद्यालय आहे, पुढचे वर्ष आहे. नकाराचे दुःख काही दिवसांनी ओसरते. पण न केलेल्या अर्जाची रुखरुख जन्मभर राहते.