उशीवर झोपलेला प्रभू

मार्कच्या शुभवर्तमानात वादळाची गोष्ट आहे. संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असलेली. लाटा नावेत शिरतायत, शिष्यांची पाचावर धारण बसली आहे, आणि येशू उठून वाऱ्याला गप्प करतो. मत्तय आणि लूकही ही गोष्ट सांगतात. पण मार्क एक बारीकसा तपशील देतो जो त्या दोघांनी दिलेला नाही. येशू नावेच्या मागच्या भागात झोपला होता, आणि त्याच्या डोक्याखाली उशी होती.

एवढ्या मोठ्या चमत्काराच्या गोष्टीत उशीचं काय काम? माझ्या मते काम आहे, आणि फार मोठं आहे. त्याच अध्यायात आधी येशू दिवसभर नावेत बसून किनाऱ्यावरच्या गर्दीला दाखले सांगतो आहे. संध्याकाळी नाव सुटते आणि माणूस दमून झोपतो, असा की लाटा अंगावर आल्या तरी जाग येत नाही. 'माणूस' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

आपल्या घरांत रोज वचन वाचलं जातं. कुणाकडे मननाची पुस्तिका असते, कुणाकडे भिंतीवर तारखेखाली वचन छापलेलं कॅलेंडर. हल्ली सकाळी सहालाच मोबाइलवर उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि त्यावर एक वचन येऊन पडतं. मला त्या वचनांबद्दल काही म्हणायचं नाही. ती खरीच आहेत. तक्रार निवडीबद्दल आहे. या निवडीत विजय असतो, शांती असते, आशीर्वाद असतो, सामर्थ्य असतं. उशी कधीच नसते. वर्षानुवर्षं असं एकेक वचन खात गेलं की ख्रिस्ताचं जे चित्र मनात तयार होतं त्याला घाम येत नाही, भूक लागत नाही, काही अडत नाही. ते चित्र शुभवर्तमानातलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्क सरळ वाचून पाहा. तिसऱ्या अध्यायात येशूच्या घरचे लोक त्याला धरून न्यायला निघतात, कारण त्यांना वाटतं याचं डोकं ठिकाणावर नाही. पाचव्यात रक्तस्रावाने आजारी असलेली बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि तो वळून विचारतो की मला कोण शिवलं; शिष्य जवळजवळ हसतातच, एवढ्या रेटारेटीत हा काय प्रश्न! आठव्यात बेथसैदाचा आंधळा एका खेपेत बरा होत नाही. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसं दिसतात पण झाडांसारखी, हलणारी. येशूला दुसऱ्यांदा हात ठेवावे लागतात. घरच्यांची ती गोष्ट आणि या आंधळ्याची ही गोष्ट, दोन्ही मत्तय आणि लूक यांच्याकडे सापडत नाहीत. त्या दोघांसमोर मार्कचं पुस्तक होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे त्यांनी त्या गाळल्या असाव्यात.

आणि सहावा अध्याय. येशू स्वतःच्या गावी, नासरेथला येतो. लोक म्हणतात, हा तर आपला सुतार, याच्या बहिणी इथेच राहतात की. मार्क लिहितो की तिथे त्याला मोठं कृत्य काही करता आलं नाही, थोड्याशा आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं तेवढंच. 'करता आलं नाही.' मत्तयाने हाच प्रसंग लिहिताना वाक्य बदललं: लोकांच्या अविश्वासामुळे त्याने तिथे फारशी कृत्यं 'केली नाहीत'. फरक एका क्रियापदाचा आहे, पण पहिल्या शतकातच ते वाक्य कुणाला तरी टोचलं होतं हे त्यावरून कळतं. आजच्या मनन-पुस्तिका लिहिणाऱ्यांना मी कशाला नावं ठेवू, ही सवय जुनी आहे.

आमच्या शेजारी वसईकडच्या एक काकू राहतात, कॅथलिक. त्यांच्याकडे रोजच्या मिस्साची वाचनं ठरलेली असतात, आपल्या आवडीनिवडीला तिथे वाव नाही. सामान्यकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी त्यांचं शुभवर्तमान फक्त दोन ओव्यांचं असतं (वचनांचं म्हणायला हवं, पण काकू ओव्याच म्हणतात), आणि ते नेमकं घरच्यांना वाटलं याचं डोकं फिरलंय हे. त्याच्यावर फादर काय बोलले, असं मी एकदा विचारलं. "लवकर आटोपलं," म्हणाल्या. तरीही ठरलेल्या क्रमाचा मला हेवा वाटतो. वाचायला तरी लागतं.

आता हे सगळं कशासाठी? हा काही अभ्यासकांचा छंद नाही. माझे वडील शेवटचे सात महिने अंथरुणाला होते. शिक्षकी पेशा, आयुष्यभर रोज पहाटे शास्त्रवाचन. भेटायला मंडळींतले लोक येत, प्रेमाने येत, प्रार्थना करत. आणि जाताना बहुतेक जण एक वाक्य ठेवून जात: विश्वास धरा, शंका आणू नका, प्रभूला काही अशक्य नाही. हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं. पण ज्याचं दुखणं हटत नाही त्याच्या कानात ते कसं शिरतं याचा विचार कुणी करत नाही. त्याचा अर्थ होतो, तू बरा होत नाहीस म्हणजे तुझाच विश्वास कमी पडतोय. बाबा काही बोलत नसत. एके दिवशी लोक गेल्यावर त्यांनी मला मार्कचा सहावा अध्याय वाचायला सांगितला. त्या वाक्याशी आलो तेव्हा हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "बघ, त्यालाही सगळं जमलं नव्हतं. त्याला कळेल." मग पुढे वाच म्हणाले.

मी त्या दिवशी वाद घातला असता तर घालू शकलो असतो. मार्क दोष नासरेथकरांच्या अविश्वासाला देतो, ख्रिस्ताच्या सामर्थ्याला नाही, वगैरे. पण बाबांनी त्या वाक्यातून जे उचललं ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांना सर्व काही करू शकणारा ख्रिस्त ठाऊक होताच. तेव्हा हवा होता तो, हात रिकामे राहणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे असा ख्रिस्त. तो शास्त्रातच आहे, आपण त्याला कॅलेंडरवर येऊ देत नाही इतकंच.

आपण असं का करतो, याचं एक कारण मला आपल्याच समाजात दिसतं. आपण इथे थोडे आहोत. शाळेत, ऑफिसात कुणीतरी कधीतरी विचारतंच, "तुमचा देव मेला कसा काय?" अशा प्रश्नांना तोंड देत मोठं झालेलं माणूस ख्रिस्ताचं दैवतपण आधी पुढे करतं. थकला, रडला, माहीत नव्हतं, हे आपल्या बाजूचे कच्चे दुवे वाटतात, मग ते झाकायचे. दुसरं कारण भाषेतलं आहे. मराठी कानाला 'अवतार' ओळखीचा आहे. सीतेसाठी राम रडला याने कुणाच्या भक्तीला धक्का लागत नाही, कारण ती लीला आहे असं भाविक म्हणतो. ती त्या परंपरेची समजूत आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण आपण नकळत तोच शब्द ख्रिस्ताला लावतो. रडला, पण तसं नाही. भ्याला, पण तसं नाही. गेथशेमानेत तळमळला, पण त्याला शेवट ठाऊकच होता की!

मंडळीने मात्र हेच नाकारलं होतं. नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात खोट्या शिक्षकाची खूण दिली आहे ती अशी, की येशू ख्रिस्त देहाने आला हे तो कबूल करत नाही. म्हणजे इतक्या लवकर, ख्रिस्त खरा माणूस नव्हता, नुसता दिसायला माणूस होता, असं म्हणणारे उभे राहिले होते. 325 साली नायसियाच्या परिषदेने, जिची 1700 वर्षं 2025 मध्ये साजरी झाली, एरियसच्या विरोधात पुत्र हा पित्याच्या एकाच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. ते आपल्याला ठाऊक असतं. पुढचं कमी ठाऊक असतं. नायसियाच्याच बाजूचा एक विद्वान, अपोलिनारियस, उत्साहाच्या भरात म्हणू लागला की ख्रिस्ताचं शरीर माणसाचं, पण बुद्धी माणसाची नव्हती, तिच्या जागी देवाचा शब्द होता. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्यालाही बाहेरचा रस्ता दाखवला. आणि 451 मध्ये कॅल्सिडॉनला ठरलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्हींची सरमिसळ नाही, ताटातूटही नाही. आपल्या रविवारच्या मंडळ्यांत एरियसचे अनुयायी शोधून सापडायचे नाहीत. अपोलिनारियसचे बाकावर बाक भरतील.

इथे एक रास्त आक्षेप येतो. माणूसपणावर एवढा भर दिलात तर शेवटी 'एक थोर गुरू' एवढाच उरेल. भीती खोटी नाही, तसं झालेलं मी पाहिलं आहे. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. एरियसवाल्यांनी हे वाक्य हत्यारासारखं वापरलं. मत्तयातही हे वाक्य आहे, पण त्याच्या पुष्कळ जुन्या हस्तलिखितांत नेमके 'पुत्रालाही नाही' हे शब्द नाहीत. बहुधा नकलनविसांनाही ते अवघड गेले. अथनेशियसने मात्र वाक्य पुसलं नाही. त्याने उत्तर दिलं की माणूस म्हणून त्याला ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक नसणं हे माणसाचंच आहे आणि तो खराच माणूस झाला होता. मला ही वाट पटते. आणि गंमत बघा, ज्या योहानाचं शुभवर्तमान सर्वांत उंच स्वरात सुरू होतं, शब्द देवाजवळ होता असं, त्याच योहानाकडे येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर दमून बसतो आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. लाजरच्या कबरीशी रडतो. वधस्तंभावर तहान लागली म्हणतो. योहानाला दोन्हींत काही विसंगत वाटलं नाही. जो लाजरला हाक मारून बाहेर काढणार आहे तोच दोन क्षण आधी रडतो आहे, आणि ते रडणं नाटक नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. रोजचं एक वचन चालू ठेवा, पण त्याला जेवण समजू नका, ती चटणी आहे. आपल्याकडे पोथी अध्यायाने वाचतात. फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं ते आरंभापासून कथा सांगत, सुट्या सुविचारांची माळ म्हणून नव्हे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. त्या 1922 मध्ये गेल्या आणि ते 1924 मध्ये बाहेर आलं. सबंध! मार्कचे सोळा अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचायला जेमतेम दोन तास लागतात. एखाद्या सुट्टीच्या दुपारी घरातल्यांनी वाटून घ्यावे. गेल्या पावसाळ्यात आम्ही तसं केलं. माझी भाची कॉलेजात आहे, तिला देवाधर्माचं फारसं वेड नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, हा सारखा घाईत असतो आणि सारखा एकटं राहायला बघतो, हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

सध्या माझं रोजचं वाचन इब्री लोकांस पत्रात आहे आणि पाचव्या अध्यायाशी गाडी अडली आहे. तिथे म्हटलं आहे की पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला. त्याच्या आधीच्या वचनात मोठा आक्रोश आहे, अश्रू आहेत. ग्रीकमध्ये 'शिकला' आणि 'सोसलं' हे शब्द यमकासारखे जुळतात, एमाथेन आणि एपाथेन. त्या काळी ती जोडी म्हणीसारखी वापरात होती. सोसणं मला कळतं. 'शिकला' कळत नाही. ज्याच्यात काही उणं नव्हतं त्याला शिकायचं काय उरलं होतं? बाबांच्या बायबलात या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात, त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या थरथरत्या अक्षरात, एक प्रश्नचिन्ह.