छप्पर ज्याचे, वीज त्याची. ज्याला पक्के छप्पर नाही त्याचे काय? आजऱ्यातून सौर योजनेकडे पाहताना

‘घरावर सौर पॅनेल लावा, बिल शून्य करा आणि उरलेली वीज विकून पैसे कमवा’ अशा आशयाचा प्रचार आता आजऱ्यासारख्या डोंगरी तालुक्यातही पोहोचला आहे. योजना खरी आहे, फायदाही खरा आहे. पण हा फायदा नेमका कोणाला, किती आणि कशामुळे मिळतो, हे आपल्या वस्त्यांमध्ये कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा हिशेब आम्ही मांडत आहोत.

पैसे मिळतात म्हणजे काय?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आवाका आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिट वीज तयार होते.

दिवसा तयार झालेली वीज घरात वापरून उरली की महावितरणच्या तारांमध्ये जाते. रात्री घर तिथूनच वीज घेते. नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो आणि फरकाचे बिल येते. एखाद्या महिन्यात वीज जास्त झाली तर ती युनिटे पुढच्या महिन्यात जमा होतात. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो आणि तोवर शिल्लक राहिलेल्या युनिटांचेच पैसे ग्राहकाला मिळतात. त्यांचा दर वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार ठरतो आणि आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा तो बराच कमी असतो. शिवाय बिल शून्य युनिटांचे आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

याचा अर्थ सरळ आहे. खरी कमाई वीज विकण्यात नाही, विकत न घेण्यात आहे. विक्रीच्या आशेने गरजेपेक्षा मोठा संच बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आजऱ्यात हे विशेष लक्षात ठेवावे लागते. इथे जून ते सप्टेंबर सूर्य दिसणे मुश्कील. त्या काळात निर्मिती बरीच घटते. एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेली युनिटे पावसाळ्याला उपयोगी पडतात. पण ऑक्टोबर ते मार्चमधली शिल्लक पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. ३१ मार्चलाच ती कमी दराने निकाली निघते. देशावरच्या कोरड्या तालुक्याचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

फायदा कोणाकडे वाहतो?

महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि त्यापुढचा टप्पा जवळपास दुप्पट महाग. महिन्याला २५० युनिटे वापरणारे घर तीन किलोवॅटचा संच बसवते, ७८,००० रुपये अनुदान घेते आणि आपली सर्वांत महाग युनिटे वाचवते. महिन्याला ६०-७० युनिटे वापरणारे घर एका किलोवॅटवर ३०,००० रुपये घेते आणि स्वस्त युनिटे वाचवते. ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला अनुदानही जास्त आणि बचतही जास्त.

त्यात अटी आहेत. घर स्वतःचे हवे, छप्पर भार पेलणारे हवे, वीजजोडणी नावावर हवी. आपल्या वस्त्यांमध्ये मीटर आजोबांच्या नावावर, घर चार भावांचे आणि उतारा जुनाच, असे चित्र नवे नाही. एका किलोवॅटला दोन पॅनेल पुरतात, पण एकेका पॅनेलचे वजन पंचवीस किलोहून अधिक असते. जुन्या कौलारू छपराला ते पेलेलच असे नाही. केंद्राचे अनुदान संच बसवून, तपासणी झाल्यावर खात्यात येते. तोवरचे पैसे घरातून किंवा कर्जातून उभे करावे लागतात.

जगातही हा प्रश्न आला आहे. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर वीज देणाऱ्या घरमालकांना २० वर्षांसाठी ठरलेला दर दिला. त्यातून सौरऊर्जा वाढली. पण त्याचा खर्च अधिभार म्हणून वीज ग्राहकांच्या बिलांवर पडला. ज्यांना स्वतःचे छप्पर नव्हते, अशा भाडेकरूंनीही तो भरला. शेवटी जुलै २०२२ पासून हा अधिभार शून्य करून तो भार सरकारने उचलला. छप्परवाल्यांच्या कमाईचा बोजा बिनछपरवाल्यांवर पडू नये, हा त्यातला धडा आहे.

राज्याची ‘स्मार्ट’ योजना: आपला वाटा

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ही विषमता काही प्रमाणात ओळखली. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ योजना आली. एका किलोवॅटचा खर्च सुमारे ५०,००० रुपये धरला आहे. त्यातले ३०,००० केंद्र देते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्य १७,५०० देते, म्हणजे घरातून फक्त २,५००. कमी वापराच्या सर्वसाधारण गटाला १०,००० भरावे लागतात, तर अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला ५,०००.

या ५,००० रुपयांच्या फरकाकडे दुर्लक्ष करू नका. १९९० च्या कायद्याने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांना घटनात्मक सवलती मिळाल्या. दाखला वेळेत काढला नाही म्हणून आपले घर सर्वसाधारण गटात ढकलले जात असेल, तर ते आपल्याच संघटनांचे अपयश ठरेल. रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे असते. छप्पर मजबूत आणि सावलीमुक्त असेल तर एक किलोवॅट त्यावर बसतो.

बाबासाहेबांची दृष्टी

वीज हा आपल्या चळवळीसाठी परका विषय नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि विजेचे धोरण त्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. दारिद्र्यातून बाहेर पडायला उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, ही त्यांची मांडणी. त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. वीज ही त्यांच्या लेखी समाजाच्या उभारणीचे साधन होती. आज ती छप्पर असणाऱ्याची खासगी कमाई होत असेल, तर प्रश्न आपणच विचारायला हवा.

काय करायचे?

पहिले, वस्तीनिहाय यादी करा: कोणाचा वापर १०० युनिटांच्या आत, मीटर कोणाच्या नावावर, थकबाकी किती, छप्पर कसले, जातीचा दाखला आहे का. आजरा तालुक्यातल्या तरुणांनी एक रविवार एका वस्तीला दिला तरी हे काम उभे राहते.

दुसरे, मीटरचे नाव बदलणे आणि घराचा उतारा यांसाठी ग्रामपंचायत व महावितरण कार्यालयात एकेकट्याने हेलपाटे घालू नका, एकत्र जा. निधी आणि मुदत मर्यादित आहे; उशीर करणारा मागे राहील.

तिसरे, ग्रामसभेत विषय मांडा. पाटण तालुक्यातील मान्याची वाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. तेही सह्याद्रीच्या पावसातलेच गाव आहे. गाव एकत्र आले तर होते, हे तिथे दिसले.

चौथे, ज्यांना छप्परच नाही त्यांच्यासाठी सामूहिक संचाची मागणी करा. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या छतावरची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करता आली पाहिजे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये अशा पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या वस्त्यांना हाच मार्ग हवा.

सूर्य कोणाची जात विचारत नाही, छपराचा उतारा मागत नाही. योजना मात्र मागते. म्हणून उतारा, दाखला आणि मीटर यांची लढाई आधी जिंकू या.

जय भीम! नमो बुद्धाय!