हँडल आपलं, आवाज मात्र सगळ्यांचा

क्रूझर घेतलेला माणूस ती फार दिवस आहे तशी ठेवत नाही. ऑफिसला जायच्या साध्या बाइकवाल्याला हा आजार सहसा होत नाही. क्रूझरची बैठक खाली, हँडल मागे वळलेलं, पाय पुढे पसरलेले... रोज बसलं की आधी आरसे, मग हँडल, मग सायलेन्सर असं एकेक "बदलून बघू या का?" सुरू होतं. एनफिल्डची थंडरबर्ड असो, मीटिऑर असो, नाहीतर माझ्याकडे आहे तशी जुनी अ‍ॅव्हेंजर २२० असो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत करोल बाग. ही खुमखुमी भागवायला तिथे वाटेल ते मिळतं.

यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं : कंपनीने एवढे इंजिनिअर काय उगाच पोसलेत? गाडीला हात लावायचा नाही. दुसरं : गाडी माझी, पैसे माझे, विचारणारे तुम्ही कोण? मला दोन्ही अर्धवट वाटतात. माझं मत सांगतो, पटतंय का बघा. घरी, स्वतःच्या हाताने बदल जरूर करावेत, पण जिथे गाडी आपल्या शरीराला टेकते तिथे. जिथे ती दुसऱ्याला जाऊन भिडते, म्हणजे आवाज, उजेड आणि मागे बसलेल्या माणसाची सुरक्षितता, तिथे कंपनीने दिलेलं तसंच राहू द्यावं.

आधी पहिला भाग. कंपनी गाडी बनवते ती एका सरासरी माणसासाठी. तो सरासरी माणूस प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला आणि सहा फुटी माणसाला एकच हँडल कसं जमणार? महाबळेश्वरपर्यंत जाऊन आल्यावर खांदे भरून आले तर दोष पाठीचाच असतो असं नाही. हँडल एक इंच वर आणि थोडं मागे घेणारे रायझर, जाड ग्रिप, पाठीला टेकण देणारा बॅकरेस्ट, नीट फोम भरून घेतलेली सीट... यांनी दोनशे किलोमीटरचा प्रवास खरोखर बदलतो. शिवाय हे बदल ऍलन की आणि पान्ह्याने होतात आणि तेवढ्याच सहज उलटे फिरवता येतात. आमच्या धंद्यात ज्याला रोलबॅक म्हणतात ते इथे नटबोल्टने होतं. काढलेले मूळ पार्ट जुन्या टीशर्टमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवायचे, झालं.

पण "सहज" म्हणजे "निष्काळजीपणे" नव्हे हं. उंच हँडल लावलं की क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, पुढच्या डिस्कचा होज आणि स्विचच्या वायरी, सगळ्यांनाच लांबी कमी पडू शकते. याची परीक्षा सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू ठेवायची आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचं. इंजिनाचा आवाज जरासुद्धा चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय असं समजा. ही गाडी पार्किंगमध्ये यू-टर्न घेताना आपणहून पुढे उसळी मारेल, आणि समोर सोसायटीतलं एखादं पोर खेळत असेल. होज वळताना ताणला जात असेल तर हँडल कितीही देखणं असू दे, लांब होज मिळेपर्यंत ते लावायचं नाही.

बाकी नियम साधेच. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. सुटं करण्याआधी फोटो काढायचे. बोल्ट किती आवळायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं, "हाताला लागेल तेवढं" हे माप नव्हे. टॉर्क रेंच घ्या, चार मित्रांत मिळून घेतला तरी चालेल. एका वेळी एकच बदल, मग पन्नासेक किलोमीटर गाडी चालवायची आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. चार बदल एकदम केले आणि गाडी थरथरायला लागली, तर नेमकं कशामुळे ते शोधत बसावं लागतं. प्रोग्रॅमर मंडळींना हे वेगळं सांगायला नको :)

आता दुसरा भाग, आणि खरा वाद इथेच आहे.

सायलेन्सर घ्या. आपल्याकडे १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला नवीन गाडीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आतली जाळी काढलेला किंवा बाहेरून आणलेला मोकळा पाइप ही मर्यादा कुठल्या कुठे मागे टाकतो. बदल्यात मिळतं काय? एकोणीस-वीस हॉर्सपॉवरच्या इंजिनात वाढलेली ताकद शोधावी लागते. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर जेट न बदलता मोकळा पाइप लावला की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. तो पाइप काढणं म्हणजे धुराची चाळणीच काढून फेकणं.

"आवाज मोठा असला की गाड्यांना आपण कळतो, म्हणून जीव वाचतो" असंही सांगतात. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि आडवा येणारा बहुतेक वेळा पुढून येतो, तोही काचा वर करून, एसी लावून. त्याला ऐकू येत नाही. ऐकू येतं ते रात्री साडेअकराला तिसऱ्या मजल्यावर आत्ताच झोपलेल्या बाळाला आणि त्याच्या आईला.

उजेडाचंही तेच. ज्या गाड्यांत ६०/५५ वॅटचा हॅलोजन असतो, त्यांत लोक १००/९० चा बल्ब घालतात. गणित करा. बारा व्होल्टवर पाच अ‍ॅम्पिअरचे सव्वाआठ होतात, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच तारा आणि त्याच स्विचमध्ये जवळजवळ पावणेतीनपट उष्णता. वेगळा रिले आणि जाड वायर टाकली नाही तर होल्डर वितळतो. हे झालं आपलं नुकसान. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये कसलाही एलईडी बल्ब खुपसला की प्रकाशाचा उगम जागेवरून सरकतो आणि झोत विस्कटतो. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तीन सेकंद काहीच दिसत नाही. त्याने काय घोडं मारलं होतं?

तिसरं उदाहरण साडी गार्डचं. बॉबर लुक हवा म्हणून मागचं मडगार्ड कापतात आणि साडी गार्ड तर पहिल्याच दिवशी काढून टाकतात, कारण ते "अंकलछाप" दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायला जागा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण सांगितलंय. पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बॉबर करणाऱ्यांनी वजन कमी करायला मडगार्ड कापले. त्यांच्यामागे पदर घेतलेली आई एका बाजूला पाय टाकून बसणार नव्हती. आपल्याकडे बसते. फॅशन उचलताना एवढा फरक तरी बघावा.

कायद्याकडेही बघू. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की नोंदणीतला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. माझी तक्रार आहे ती इथे. कागदावर हे ठीक, पण रस्त्यावर एक इंचाचा रायझर आणि फटाके फोडणारा सायलेन्सर यांत फरक कसा करायचा हे सामान्य माणसाला कुठेच सोपं करून सांगितलेलं नाही. त्यामुळे घाबरणारा माणूस पाठदुखी सहन करतो आणि न घाबरणारा दोन्ही लावून हिंडतो.

जर्मनीत बरेच सुटे पार्ट मंजुरीच्या कागदासह मिळतात. त्या मंजुरीला तिथे एबीई म्हणतात. ज्याला ती नाही तो पार्ट तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदावर चढवून घ्यावा लागतो. आपल्याला हे अशक्य आहे का? गाड्या तपासणारी एआरएआय इथे पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. खोटे मार्क लावलेली हेल्मेटं रस्त्याकडेला मिळतात, मान्य. पण खरं काय आणि खोटं काय हे विचारायला निदान एक रेघ तरी आहे. हँडल, लेग गार्ड, फूटरेस्ट यांना तीही नाही.

ती येईपर्यंत मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. हा बदल पान्ह्याने उलटा फिरवता येतो का? पार्टवर बनवणाऱ्याचं नाव आहे का? आणि याचा त्रास गाडीवर न बसलेल्या कुणाला होणार आहे का? पहिल्या दोघांचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" आलं, तरच शनिवारी पाना हातात घ्यायचा. तुमचे प्रश्न वेगळे असतील, पण नाना पेठेत जाण्याआधी ते ठरवून जा. दुकानात गेल्यावर सगळंच छान दिसतं.