दंतोपचार आणि आरोग्यविम्याचे कुंपण

गोदामाचा विमा उतरविताना कोणता माल, किती किमतीचा आणि कोणत्या जोखमीपुरता, हे व्यापारी बारकाईने पाहतो. तोच व्यापारी कुटुंबाचा आरोग्यविमा घेताना मात्र दहा लाखांचा आकडा वाचून निश्चिंत होतो. पुढे केव्हातरी दाढ ठणकू लागते, रूट कॅनाल आणि त्यावरील कॅपचे बिल हाती येते, आणि कंपनी दावा नाकारते. दहा लाखांच्या पॉलिसीत दहा-बारा हजार बसू नयेत, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. तरीही अशा प्रकरणांत कंपनी बहुधा कराराप्रमाणेच वागलेली असते.

आपल्याकडील आरोग्यविमा हा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणे हा त्याचा पाया. मोतीबिंदूसारख्या थोड्या वेळात होणाऱ्या शस्त्रक्रिया ‘डे केअर’ म्हणून मंजूर होतात, म्हणून भूल देऊन काढलेली दाढही त्यात बसेल अशी अनेकांची समजूत असते. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने ठरविलेल्या डे केअरच्या व्याख्येतच असे म्हटले आहे, की जे उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात ते यात धरले जाणार नाहीत. दंतवैद्याच्या खुर्चीवर होणारे जवळजवळ सारे काम एवढ्या एका अटीने बाहेर पडते. कळ किती असह्य होती, बिल किती मोठे होते, हा प्रश्नच मग उरत नाही.

२०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार वा इजेमुळे आवश्यक ठरलेल्या दंतोपचारांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो वाचून हुरळून जाऊ नये. हा उल्लेख रुग्णालयीन खर्चाच्या कलमात आहे, आणि मंजूर रकमेतील ५ टक्के वाटा विमेदारालाच सोसावा लागतो. अपघातात जबडा मोडून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तर त्याचा उपयोग. केवळ दिसण्यासाठी केलेल्या उपचारांना तर सर्वसाधारण पॉलिसीत थाराच नसतो. तोंडाचा कर्करोग मात्र दंतोपचार नव्हे, तो आजार आहे. त्याच्या शस्त्रक्रियेचा दावा पॉलिसीच्या अटींनुसार करता येतो.

आता काही कंपन्या जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण उपचारांचे संरक्षण देतात. येथे व्यापाऱ्याने आपली नेहमीची बुद्धी वापरावी. समजा, जादा हप्ता ३,५०० रुपये आणि दंतोपचाराची वार्षिक मर्यादा साऱ्या कुटुंबास मिळून ५,००० रुपये. मर्यादा पूर्ण वापरली तरी लाभ १,५०० रुपयांचा. त्या वर्षी कोणाला दंतवैद्याकडे जावेच लागले नाही, तर साडेतीन हजार गेले. याला विमा म्हणण्यापेक्षा आगाऊ भरलेले बिल म्हणणे अधिक योग्य. त्यातही सफाई व क्ष-किरण मान्य, पण कॅप, कवळी व इम्प्लांट वगळलेले, असे निघाले तर हिशेब आणखी बिघडतो. त्यापेक्षा महिना २,००० रुपयांची आवर्ती ठेव बरी; वर्षाअखेर व्याज सोडूनही २४,००० रुपये हाताशी राहतात आणि कोणाची मंजुरी लागत नाही. मुलगा किंवा सून नोकरीत असेल, तर त्यांच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात दातांचा खर्च बसतो का, हे आधी विचारावे. नोकरी सुटली की साधारणपणे ते संरक्षणही सुटते, एवढे ध्यानात असू द्यावे.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येते. त्यात काय समाविष्ट, काय वगळलेले व प्रतीक्षाकाळ किती, हे सोप्या भाषेत दिलेले असते. नवी पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा आहे. म्हणून ते पत्रक त्याच आठवड्यात वाचावे. अपघाताचा दावा असेल, तर क्ष-किरण चित्रे, डिस्चार्ज कार्ड आणि इजा अपघातानेच झाल्याचा डॉक्टरांचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. तरीही दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, मुंबई वा पुणे येथील विमा लोकपालांकडे वर्षभरात दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.