चौथी सीट आणि आपला स्वार्थ

मुंबई लोकलच्या सेकंड क्लासमधला बाक तिघांचा. बसतात मात्र चौघं. चौथा अर्धा हवेत असतो, पण टेकायला मिळतं. 'जरा सरकता का?' म्हटलं की बाकीचे तिघं कुरकुरत का होईना, सरकतात. पाटी नाही, दंड नाही, टीसी सांगायला येत नाही. मग का सरकतात? सगळेच मनाने मोठे आहेत म्हणून? छे! आज बसलेल्याला उद्या उभं राहावं लागणार, हे त्याला पक्कं माहीत असतं म्हणून.

समोरचा काय करेल याचा अंदाज घेत आपला फायदा कसा बघायचा, याचं गणित म्हणजे गेम थिअरी. ती सांगते, खेळ एकदाच असेल तर ओरबाडणं परवडतं. रोज त्याच माणसांशी गाठ असेल तर हिशोब बदलतो. माणूस तितकाच स्वार्थी राहतो, पण नीट वागणंच त्याच्या फायद्याचं ठरतं.

हा हिशोब जुळला नाही की काय होतं, ते बोअरवेलमध्ये बघा. शेजाऱ्याने दोनशे फूट खणली, आपण तीनशे. मग तो चारशे. 'मी एकटा थांबतो' म्हणून भागत नाही, कारण तुम्ही सोडलेलं पाणी तोच उपसणार. एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा नाही, अशा या अवस्थेला 'नॅश इक्विलिब्रियम' म्हणतात. साध्या मराठीत, प्रत्येक जण शहाणा आणि सगळे मिळून वेडे!

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये गावच्या कुरणाचं उदाहरण देऊन हेच मांडलं. प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण संपतं. यावर एक तर सरकारचा बडगा हवा, नाही तर खासगी मालकी, असं अनेकांनी मानलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना ते पटलं नाही. त्यांची पीएचडीच लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होती. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाटपाणी असे बरेच दाखले अभ्यासले. लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला आधी छोटी, मग मोठी शिक्षा देतात, तिथे सामायिक गोष्टी टिकतात, असं त्यांना दिसलं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

आपल्याकडे याचं उदाहरण आहे नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा गावाने स्वतःवर घातलेला नियम. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांनी खेळाचे नियम बदलले, इतकंच.

म्हणून मला 'पाणी वाचवा'छाप उपदेशाचा कंटाळा येतो. समोरचा वाचवतोय याची खात्री नसताना एकट्याने वाचवणं म्हणजे स्वतःला मामा बनवणं, असंच लोकांना वाटणार. चांगलं वागा सांगू नका, चांगलं वागणं परवडेल असं करा.

एक धोका मात्र आहे. लोकलमधले काही ग्रुप रुमाल टाकून जागा अडवतात, तोही 'आपसातला नियम'च! तेव्हा नियम ठरवताना उभ्या माणसालाही मत हवं.

तुमच्या फ्लॅटमधला गीझर, होस्टेलचं वाय-फाय, सोसायटीचा टँकर, सगळीकडे हाच खेळ चालू आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर 'प्लीज को-ऑपरेट' टाकण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा आणि तीन गोष्टी ठरवा: कुणाला किती, मोजणार कोण आणि मोडलं तर काय. स्वार्थी रूममेट बदलणार नाही. पण सकाळी गरम पाणी सगळ्यांना मिळेल.